लघवीची नळी : घालताना आणि काढताना

रुग्णालयात शिकाऊ परिचारिकेच्या वाट्याला येणाऱ्या कामांपैकी काही कामे पाहणाऱ्याला अगदी साधी वाटतात. करणाऱ्याची मात्र ती परीक्षा पाहतात. नाडी मोजणे, ताप पाहणे, रुग्ण खाटेवर असतानाच चादर बदलणे ही कामे पहिल्या काही महिन्यांत अंगवळणी पडतात. परंतु रुग्णाच्या मूत्राशयात नळी घालण्याची पाळी प्रथम येते, तेव्हा एरवी धीट असणाऱ्या विद्यार्थिनीचाही हात क्षणभर थबकतो. समोर वडिलांच्या वयाचा पुरुष असतो, किंवा आईच्या वयाची बाई असते. शरीराचा जो भाग माणूस जन्मभर झाकून ठेवतो तोच उघडा करून तेथून एक परकी वस्तू आत सारावयाची असते. शिवाय आत काय घडत आहे ते डोळ्यांना दिसत नाही. ते बोटांना कळावे लागते. हे थबकणे वाईट नव्हे. त्याला ज्ञानाची आणि शिस्तीची जोड मिळावी, यासाठीच या कामाचे शास्त्र शिकवले जाते.

हा विषय चारचौघांत बोलण्याचा नाही, असे पुष्कळांना वाटेल. तथापि प्रोस्टेटच्या विकाराने लघवी तुंबलेले आजोबा, पोट उघडून बाळंतपण झालेली सून, खुब्याचे हाड मोडून अंथरुणाला खिळलेली आजी, यांपैकी कोणी ना कोणी अनेक घरांत असते, आणि त्यांच्या खाटेच्या कडेला टांगलेली ती पिशवी घरच्या माणसांनी पाहिलेली असते. तेव्हा परिचर्येच्या विद्यार्थ्यांना जे शिकवले जाते ते सामान्य गृहस्थाने जाणून घेतले, तर त्यात संकोचाचे कारण नाही. उलट लाभच आहे.

प्रथम शरीराची रचना पाहिली पाहिजे. दोन मूत्रपिंडे रक्त गाळून मूत्र तयार करतात. ते दोन बारीक मूत्रवाहिन्यांतून मूत्राशयात उतरते. मूत्राशय ही स्नायूंची एक लवचिक पिशवी असून प्रौढ माणसाच्या मूत्राशयात सामान्यतः ४०० ते ५०० मिलिलिटर मूत्र सहज मावते. तेथून बाहेर पडण्याची वाट म्हणजे मूत्रमार्ग. येथे स्त्री आणि पुरुष यांच्यात मोठा भेद आहे. स्त्रीचा मूत्रमार्ग सुमारे ४ सेंटिमीटर लांबीचा आणि जवळजवळ सरळ असतो. पुरुषाचा १८ ते २० सेंटिमीटर लांब असतो, त्याला वळणे असतात, आणि मूत्राशयाच्या तोंडाशी तो प्रोस्टेट ग्रंथीच्या मधून जातो. उतारवयात ही ग्रंथी वाढली की वाट आवळली जाते. याचा अर्थ असा की, स्त्रीच्या बाबतीत वाट सोपी पण दार सापडणे कठीण. पुरुषाच्या बाबतीत दार उघड दिसते पण वाट कठीण. विद्यार्थिनीने हे एक वाक्य ध्यानात धरले, तर पुढच्या निम्म्या चुका टळतात.

अडलेली लघवी नळीने मोकळी करण्याची कल्पना फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत वर्णिलेल्या १०१ यंत्रांमध्ये २० नाडीयंत्रे, म्हणजे पोकळ नळ्या आहेत; आणि मूत्रमार्गाच्या शोधनासाठी मालतीच्या फुलाच्या देठाएवढ्या अग्राची एक शलाकाही सांगितली आहे. उपकरणाचे टोक किती नाजूक असावे, याची जाण त्या उपमेतच आहे. पाश्चात्य देशांत शतकानुशतके धातूच्या कडक नळ्या वापरीत. अमेरिकेचे बेंजामिन फ्रँकलिन यांनी आपल्या आजारी भावासाठी १७५२ साली वाकणारी चांदीची नळी करवून घेतली होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर पॅरिसचे शस्त्रवैद्य नेलाताँ यांनी मऊ रबराची नळी प्रचारात आणली. त्याच शहरातील शारिएर नावाच्या उपकरणकाराने नळ्यांची जाडी मोजण्याचे जे माप बसवले, तेच आज ‘फ्रेंच’ या नावाने जगभर चालते. नळीवर १४ फ्रेंच असे लिहिलेले असले, की त्या आकड्याला तीनाने भागावे. म्हणजे नळीचा बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये मिळतो.

या मऊ नळ्या आत टिकत नसत. त्या चिकटपट्टीने किंवा दोऱ्याने बांधून ठेवाव्या लागत. ही अडचण अमेरिकेतील मूत्रविकारतज्ज्ञ फ्रेडरिक फोली यांनी दूर केली. नळीच्या टोकाजवळ रबराचा एक लहानसा फुगा बसवावयाचा, नळी आत गेल्यावर तो पाण्याने फुगवावयाचा, म्हणजे नळी आपोआप आत अडकून राहते, अशी त्यांची योजना होती. १९३५ साली त्यांनी ती आपल्या समव्यवसायी मंडळींपुढे मांडली. आजही वॉर्डात ‘फोलीज’ मागितली की हीच नळी हातात येते. तिला बाहेरच्या टोकाशी दोन फाटे असतात. एकातून मूत्र पिशवीत उतरते. दुसऱ्यातून फुग्यात पाणी भरतात व काढतात.

परंतु सोय झाली की गैरसोयही मागोमाग येते. नळी आत ठेवणे सोपे झाल्याबरोबर ती विनाकारण ठेवली जाऊ लागली. त्या काळी नळीचे टोक उघड्या बाटलीत सोडलेले असे, आणि तीन-चार दिवसांत बहुतेक प्रत्येक रुग्णाच्या मूत्रात जंतू सापडत. १९५८ साली पॉल बीसन या अमेरिकन वैद्यांनी वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहून या नळीविरुद्ध जणू फिर्यादच मांडली. पुढे १९६६ साली क्यूनिन आणि मॅकॉर्मॅक यांनी दाखवून दिले की, नळी आणि पिशवी यांची जोडणी आरंभापासून अखेरपर्यंत बंद ठेवली, तर हा संसर्ग पुष्कळ लांबवता येतो. आजची बंद पिशवी त्याच विचारातून आली. तरीसुद्धा नळी आत असलेल्या प्रत्येक दिवसागणिक मूत्रात जंतू शिरण्याचा संभव सुमारे ३ ते ७ टक्क्यांनी वाढतो, आणि महिनाभर राहिलेल्या नळीत जंतू नाहीत असे सहसा होत नाही. त्यांतल्या सगळ्यांनाच आजार होतो असे नव्हे; पण वृद्ध आणि दुर्बल माणसाच्या रक्तात तेच जंतू उतरले, तर प्राणावर बेतते.

म्हणून पहिला प्रश्न नळी कशी घालावी हा नसून, घालावी की नाही हा आहे. लघवी अकस्मात तुंबली, अत्यवस्थ रुग्णाचे मूत्र तासातासाला मोजावयाचे आहे, विशिष्ट शस्त्रक्रिया व्हावयाची आहे, ओलाव्याने न भरणारी जखम कमरेखाली आहे, मोडलेल्या हाडामुळे रुग्णाला हलवता येत नाही, किंवा अखेरच्या दिवसांत त्याला तेवढाच आराम द्यावयाचा आहे, ही योग्य कारणे होत. कपडे वारंवार भिजतात, किंवा वॉर्डात मदतीला माणसे कमी आहेत, हे कारण नव्हे. अशा वेळी बेडपॅन, लघवीचे भांडे, डायपर, अथवा पुरुषांसाठी बाहेरून लावावयाचे आवरण यांनी काम भागते. नळी घालण्याचा निर्णय डॉक्टरांचा असतो. पण तो कशासाठी झाला आहे हे विद्यार्थिनीला ठाऊक असले पाहिजे. कारण ते कारण संपले की नळीही संपली पाहिजे, याची आठवण करून देणे हे परिचारिकेचेच काम आहे.

आता तयारी. सर्वांत आधी रुग्णाचे नाव त्याच्याकडूनच विचारून घ्यावे आणि कागदाशी ताडून पाहावे. रबराची अॅलर्जी आहे काय, रक्त पातळ करणारे औषध चालू आहे काय, प्रोस्टेटची शस्त्रक्रिया पूर्वी झाली आहे काय, नळी घालताना मागे कधी त्रास झाला होता काय, हे विचारावे. अपघातात कमरेचे हाड मोडलेल्या रुग्णाच्या मूत्रद्वाराशी रक्त दिसत असेल, तर नळीला हातही लावू नये. मूत्रमार्ग फाटला असण्याची शक्यता असते, आणि आंधळेपणाने सारलेली नळी ती फाट मोठी करते. अशा वेळी डॉक्टरांना बोलावणे हेच योग्य परिचर्येचे लक्षण होय.

त्यानंतर रुग्णाशी बोलावे. पडदा ओढून, हलक्या आवाजात, वयाला साजेल अशा शब्दांत सांगावे : “आजोबा, तुमची लघवी अडकली आहे, ती मोकळी करण्यासाठी एक बारीक मऊ नळी घालायची आहे. आधी थंड औषध लागेल. थोडे चुरचुरेल, फार दुखले तर लगेच सांगा, मी थांबेन.” आणि त्यांची संमती घ्यावी. हे चार शब्द केवळ सौजन्याचे नसतात. घाबरलेला माणूस अंग आखडतो, आखडलेल्या अंगात मूत्रमार्गाभोवतीचे स्नायूही आवळले जातात, आणि मग नळी अडते. धीर दिलेला रुग्ण हा स्वतःच निम्मे काम करतो. जेवढे उघडे करणे अवश्य आहे तेवढेच करावे. बाकीचे अंग झाकलेले असावे. विद्यार्थिनीला पुरुष रुग्णाचा, किंवा विद्यार्थ्याला स्त्री रुग्णाचा संकोच वाटत असेल, अथवा रुग्णालाच वाटत असेल, तर सिस्टरांना सांगून सोबत घ्यावी किंवा माणूस बदलावा.

नळीची निवडही विचारपूर्वक झाली पाहिजे. जाड नळी अधिक चांगली हा समज चुकीचा आहे. मूत्र नीट उतरेल एवढी सर्वांत बारीक नळी तीच उत्तम. स्त्रियांना बहुधा १२ ते १४ आणि पुरुषांना १४ ते १६ फ्रेंच पुरते. स्त्रियांसाठी असलेली आखूड नळी पुरुषाला कधीही घालू नये. तिचा फुगा मूत्राशयापर्यंत न पोचता वाटेतच फुगतो आणि मूत्रमार्ग फाडतो. ट्रेमध्ये निर्जंतुक हातमोजे, कापड, बोळे, स्वच्छतेचे द्रव, बधिर करणारी जेली, निर्जंतुक पाण्याने भरलेली सिरिंज, नळी आणि पिशवी, एवढे सर्व आधी मांडून घ्यावे. मध्येच काही आणावयास उठावे लागले की शुद्धतेचा धागा तुटतो. हात साबणाने धुवावेत, आणि मगच निर्जंतुक हातमोजे चढवावेत.

स्त्री रुग्णाला उताणे निजवून गुडघे वाकवून दूर करावयास सांगतात. उजेड पुरेसा असावा. एका हाताने भगोष्ठ अलग धरावेत, आणि दुसऱ्या हाताने बोळे घेऊन वरून खाली, म्हणजे पुढून मागे, असे पुसावे; प्रत्येक वेळी नवा बोळा घ्यावा. मागून पुढे पुसले तर गुदद्वाराकडचे जंतू मूत्रद्वाराशी आणून ठेवल्यासारखे होते. ज्या हाताने भगोष्ठ धरले तो हात आता शुद्ध राहिला नाही, हे विसरता कामा नये. तो नळी आत जाईपर्यंत तेथेच स्थिर राहावा. त्याने नळीला स्पर्श करू नये. मूत्रद्वार योनिमार्गाच्या थोडे वर असते, आणि वयस्क बायकांत ते आत ओढले गेल्यामुळे चटकन दिसत नाही. जेली लावून नळी हळुवार सारली की ५ ते ७ सेंटिमीटरवर मूत्र दिसू लागते. त्यानंतर ती आणखी काही सेंटिमीटर पुढे न्यावी आणि मगच फुगा भरावा. नळी चुकून योनिमार्गात गेली आणि मूत्र आले नाही, तर ती लगेच ओढून काढण्याची घाई करू नये. ती खूण म्हणून तशीच राहू द्यावी, आणि नवी निर्जंतुक नळी घेऊन तिच्या वरच्या बाजूचे द्वार शोधावे. चुकलेली नळी तीच पुन्हा मूत्रद्वारात घालणे हा मात्र अक्षम्य अपराध होय.

पुरुष रुग्णाच्या बाबतीत शिश्नाच्या टोकावरची त्वचा मागे सारून मूत्रद्वारापासून बाहेरच्या बाजूस वर्तुळाकार पुसत यावे. मग बधिर करणारी जेली सिरिंजने मूत्रमार्गात हळू सोडावी आणि तीन ते पाच मिनिटे थांबावे. ही मिनिटे गर्दीच्या वॉर्डात लांब वाटतात, आणि त्यामुळेच ती बहुधा चुकवली जातात. पण औषधाला आपले काम करण्यास वेळ न देता नळी सारणे म्हणजे औषध न वापरण्यासारखेच आहे. शिश्न वर उचलून धरले की पहिले वळण सरळ होते. नळी सावकाश पुढे जाते, आणि मूत्राशयाच्या तोंडाशी, झडपेसारख्या आवळणाऱ्या स्नायूपाशी, बहुधा किंचित अडते. येथेच विद्यार्थिनीची खरी कसोटी लागते. अशा वेळी जोर करू नये. थांबावे, रुग्णाला दीर्घ श्वास घ्यावयास सांगावे, लघवी करण्याचा प्रयत्न करीत असल्यासारखे अंग सैल सोडण्यास सांगावे, आणि स्थिर, हलका दाब ठेवावा. स्नायू सैल होताच वाट मिळते. तरीही मिळाली नाही, तर नळी काढून अनुभवी व्यक्तीला बोलवावे. जोराने सारलेली नळी मूत्रमार्गाच्या भिंतीत खोटी वाट पाडते. रक्तस्राव होतो, आणि भरून आलेली जखम पुढे मार्ग आवळून टाकते. क्षणाच्या अहंकाराची किंमत रुग्णाला जन्मभर मोजावी लागते.

पुरुषाच्या बाबतीत मूत्र दिसले म्हणून थांबू नये. नळीचे केवळ टोक मूत्राशयात शिरले तरी मूत्र येते; फुगा त्या वेळी अजून मूत्रमार्गातच असू शकतो. म्हणून नळी तिच्या दोन फाट्यांपर्यंत पूर्ण आत न्यावी आणि मगच फुगा फुगवावा. फुग्यात किती पाणी घालावयाचे हे नळीवरच छापलेले असते. प्रौढांसाठी ते बहुधा १० मिलिलिटर असते. पाणी निर्जंतुक असावे. मिठाचे पाणी वापरू नये, कारण त्याचे स्फटिक बारीक वाट बुजवतात आणि काढताना फुगा रिकामा होत नाही. पाणी भरताना रुग्ण कळवळला, किंवा सिरिंजला विरोध जाणवला, तर ताबडतोब थांबावे, भरलेले पाणी परत घ्यावे आणि नळीची जागा तपासावी. मूत्राशयात फुगणारा फुगा दुखत नाही. दुखला, म्हणजे तो भलत्या जागी आहे.

फुगा भरल्यावर नळी हळूच मागे ओढावी. ती मूत्राशयाच्या तोंडाशी येऊन टेकते. त्यानंतर जे काम सर्वांत अधिक विसरले जाते ते असे की, मागे सारलेली शिश्नाची त्वचा पुन्हा पुढे आणून ठेवावी. ती तशीच मागे राहिली, तर तिचा आवळ बसून टोकाला सूज येते, रक्ताचा प्रवाह अडतो, आणि एक साधी विस्मृती रात्रीतून शस्त्रक्रियेपर्यंत नेते. मग नळी मांडीला सैलसर चिकटवावी, म्हणजे रुग्ण कुशीवर वळला तरी ताण पडत नाही. पिशवी नेहमी मूत्राशयाच्या पातळीखाली टांगावी, परंतु जमिनीला टेकू देऊ नये. शेवटी तारीख, वेळ, नळीचे कारण, जात व आकार, फुग्यातील पाणी, निघालेल्या मूत्राचे प्रमाण व रंग ही नोंद लिहावी. ही नोंद कागदाची भर नव्हे. आठ दिवसांनी नळी काढणाऱ्या दुसऱ्याच परिचारिकेला फुग्यात किती पाणी आहे हे यावरूनच कळावयाचे असते.

पुष्कळ वेळ तुंबलेली लघवी मोकळी झाली की रुग्णाच्या चेहऱ्यावर जो विसावा दिसतो तो पाहिल्यावर कोणत्याही विद्यार्थिनीला आपल्या शिक्षणाचे सार्थक वाटते. तथापि तेथे काम संपत नाही. अशा रुग्णाच्या मूत्रात थोडे रक्त दिसू शकते, रक्तदाब उतरू शकतो, आणि काही वेळा मूत्रपिंडे पुढचे अनेक तास अतोनात मूत्र सोडू लागतात. म्हणून तासातासाला मोजणी करून ती डॉक्टरांना कळवावी. उलट पिशवी रिकामीच राहिली, तर आधी नळी कोठे दुमडली आहे काय ते पाहावे. प्रौढ माणसाचे मूत्र शरीराच्या दर किलोमागे तासाला निदान अर्धा मिलिलिटर असावे; ६० किलो वजनाच्या माणसाचे मूत्र तासाला ३० मिलिलिटरहून कमी पडू लागले, की ती धोक्याची सूचना समजावी.

नळी आत असेतो तिची निगा साधी पण नित्य असावी. मूत्रद्वाराची जागा रोज साबण-पाण्याने धुवावी. त्यासाठी उग्र जंतुनाशकांची जरुरी नाही. नळी आणि पिशवी यांचा सांधा उगाच उघडू नये. तपासणीसाठी मूत्र हवे असेल, तर ते नळीवरच्या ठरावीक जागेतून सिरिंजने घ्यावे, पिशवीतून नव्हे. पिशवी दोनतृतीयांश भरली की रिकामी करावी. तिच्या तोटीचा भांड्याला स्पर्श होऊ देऊ नये, आणि एका रुग्णाचे भांडे दुसऱ्याला वापरू नये. नळी आहे एवढ्याच कारणासाठी जंतुविरोधी औषधे देत राहण्याने संसर्ग टळत नाही. जंतू मात्र त्या औषधांना सरावतात. काही जंतू मूत्रातील युरियाचे विघटन करून ते अल्कधर्मी बनवतात, मग क्षारांचे थर साचून नळी आतून बुजते. नळीच्या बाजूने लघवी झिरपू लागली, तर जाड नळी घालणे हा उपाय नव्हे. नळी बुजली आहे काय, दुमडली आहे काय, रुग्णाला मलावरोध आहे काय, याचा शोध घ्यावा.

आता काढण्याविषयी. घालण्यास जेवढे महत्त्व दिले जाते तेवढे काढण्यास दिले जात नाही, ही खेदाची गोष्ट आहे. वस्तुतः संसर्ग टाळण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे वेळेवर काढलेली नळी. शस्त्रक्रियेसाठी घातलेली नळी, दुसरे कारण नसेल तर, शक्यतो २४ तासांच्या आत काढावी असे आजचे शास्त्र सांगते. म्हणून रोज सकाळी प्रत्येक नळीपाशी एकच प्रश्न विचारला जावा : ही आज कशासाठी हवी आहे? उत्तर सापडले नाही, तर ते डॉक्टरांच्या कानावर घालावे. काढण्यापूर्वी नळीला चिमटा लावून मूत्राशयाला सवय लावण्याची जुनी पद्धत होती. तिचा विशेष उपयोग होत नाही असे आता दिसून आले आहे.

काढताना प्रथम नोंद पाहावी : फुग्यात किती पाणी घातले होते? हात धुऊन, हातमोजे घालून, मांडीची पट्टी सोडवावी. फुग्याच्या फाट्याला रिकामी सिरिंज जोडावी आणि पाणी आपल्या दाबाने येऊ द्यावे. सिरिंजचा दट्ट्या जोराने ओढला, तर फुग्याची बारीक वाट आतून चिकटते, किंवा फुग्याला घड्या पडून त्या काढताना खरचटतात. आलेले पाणी मोजावे. दहा घातले होते आणि सहाच आले, तर आत चार शिल्लक आहे, असे समजून थांबावे. अर्धवट फुगलेला फुगा ओढणे म्हणजे मूत्रमार्ग सोलून काढणे होय. फुगा रिकामा होत नसेल, तर नळी कात्रीने कापण्याचा मोह टाळावा. कापलेला तुकडा आत सरकून जाऊ शकतो. अशा वेळी डॉक्टरांना बोलवावे. त्यांच्याजवळ त्याचे उपाय असतात.

पाणी पूर्ण आल्यावर रुग्णाला दीर्घ श्वास घ्यावयास सांगून, तो सोडताना नळी एका संथ ओघात बाहेर घ्यावी. अडली तर ओढू नये. बाहेर आलेल्या नळीचे टोक अखंड आहे ना, त्यावर क्षार किंवा रक्त आहे काय, हे पाहून नोंद करावी. पुरुष रुग्णाची त्वचा जागेवर आहे ना, हे येथेही पाहावे.

नळी निघाली म्हणजे रुग्ण मोकळा झाला असे नव्हे. पहिल्या एक-दोन वेळा लघवीला थोडी जळजळ होते, हे त्याला आधी सांगून ठेवावे, म्हणजे तो घाबरत नाही. डॉक्टरांची मनाई नसेल, तर त्याला पाणी पिण्यास सांगावे. सहा ते आठ तासांत लघवी झाली पाहिजे, आणि तिचे प्रमाण मोजले पाहिजे. थेंब थेंब होते, ओटीपोट फुगून टणक लागते, रुग्ण अस्वस्थ आहे, पण “झाली हो सिस्टर थोडी” असे म्हणतो, तेव्हा त्या शब्दावर विसंबून राहू नये. वृद्ध माणसे पुन्हा नळीच्या भीतीने असे सांगतात. मूत्राशय पुन्हा तुंबत आहे, हे हाताने चाचपून किंवा यंत्राने पाहून ओळखणे, हेच त्या वेळचे कर्तव्य होय.

आणखी एक गोष्ट घरच्या मंडळींनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. मज्जारज्जूच्या इजेमुळे किंवा अन्य विकाराने ज्यांचे मूत्राशय कायमचे रिकामे होत नाही, अशांनी नळी सतत आत ठेवलीच पाहिजे असे नाही. १९७२ साली अमेरिकेतील जॅक लॅपिडिस यांनी दाखवून दिले की, दिवसातून काही वेळा स्वच्छ हातांनी स्वतःच नळी घालून मूत्राशय रिकामे करणे अधिक सुरक्षित ठरते. हे तंत्र रुग्णालयात नीट शिकून घेतल्यावर अनेकांना पिशवीवाचून हिंडता-फिरता येते. परंतु ज्यांच्या घरी फोलीची नळी असलेला रुग्ण आहे, त्यांनी ती ओढून काढण्याचा किंवा नवी घालण्याचा प्रयत्न घरी करू नये. थंडी वाजून ताप येणे, पिशवीत कित्येक तास काहीच न उतरणे, ओटीपोटात दुखणे, लाल रक्त दिसणे, किंवा वृद्ध माणसाने अचानक असंबद्ध बोलू लागणे, ही चिन्हे दिसली तर वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. गोंधळलेला रुग्ण हाताने नळी ओढीत असेल, तर त्याच्यावर रागावण्याऐवजी त्याला काही टोचते आहे काय, नळी ताणली गेली आहे काय, हे पाहावे.

ही सर्व पद्धत वाचून हात तयार होत नाही. म्हणूनच विद्यार्थिनीला आधी पुतळ्यावर सराव देतात, मग अनुभवी सिस्टरांच्या शेजारी उभे राहून पाहावयास लावतात, आणि त्यानंतर त्यांच्या नजरेखाली तिला स्वतः करू देतात. या क्रमातील एकही पायरी वगळू नये. वॉर्डात गर्दी असते, हाका येत असतात, आणि “एवढेसे तर काम” असे म्हणून कोणी तिला एकटीला पाठवते. त्या वेळी “हे मी अजून एकटीने केलेले नाही, कोणी तरी सोबत यावे” असे म्हणण्याचे धैर्य तिच्यापाशी असावे. हे धैर्य हातातल्या कौशल्याहून कमी मोलाचे नाही.

नळी कधी निघेल हे रुग्ण बहुधा विचारीत नाही. ते विचारण्याचा त्याला संकोच असतो. तो प्रश्न त्याच्यासाठी रोज परिचारिकेनेच विचारावयाचा असतो.